भागधारक काका

धंदा कळल्याशिवाय शेअर घ्यायचा नाही, असं सगळेच म्हणतात. आमच्या बिल्डिंगमधले काका ते पाळतात, हीच पंचाईत आहे. उभी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेल्यामुळे माणूस समोर आला की त्यांना आधी त्याची परतफेड दिसते.

हल्ली त्यांचा जीव जडलाय एसएमई एक्स्चेंजवर लिस्ट झालेल्या एका छोट्या डायलिसिस कंपनीवर. "गिऱ्हाईक आठवड्यातून तीनदा येतं!" लिफ्टमध्ये मला कोपऱ्यात गाठून ते सांगतात, "वर्षाला १५६ फेऱ्या. दाढी-कटिंगला तरी इतक्यांदा जातं का कोणी? मंदी येवो, युद्ध होवो, खाडा नाही."

"खाडा केला तर माणूस जातो, म्हणून," काकू म्हणाल्या. काकांनी दुर्लक्ष केलं. काकूंचं डीमॅट खातं नाही.

अमेरिकेतल्या डाविटा या डायलिसिस कंपनीत बफेंच्या बर्कशायरचा सगळ्यात मोठा हिस्सा, हे सांगताना काका बफेंचा उल्लेख मावसभावासारखा करतात. तिथं १९७२च्या कायद्यापासून डायलिसिसचं बिल बहुतांशी सरकार भरतं. आपल्याकडे २०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. जिल्हा रुग्णालयातली जागा सरकारची, मशीन आणि माणसं खासगी कंपनीची, गरिबाला फुकट, पैसे सरकार देणार. 'देणार' म्हणजे कधी, हा प्रश्न मात्र काकांमधल्या बँकवाल्याची झोप उडवतो. ताळेबंदात नफ्याच्या आधी ते येणी वाचतात.

मग ते खुद्द सेंटर बघायला गेले. कोणी हटकलं नाही; पिशवी घेतलेला म्हातारा तिथं नातेवाईकच वाटतो. एका मशीनवर दिवसाला किती पाळ्या, डायलायझर धुऊन किती वेळा वापरता, आरओ प्लँट कोणाचा, असं सगळं विचारून आले. चार तासांत एका पेशंटला १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, हे कळल्यापासून ते आमच्या टाकीच्या ओव्हरफ्लोकडे वेगळ्याच नजरेनं बघतात.

हळूहळू फेऱ्या वाढल्या. आधी "ऑक्युपन्सी चांगली आहे" सांगायचे. आता "दोन नंबरच्या बेडवरच्या मास्तरांचा हातावरचा फिस्टुला सुईसाठी तयार झाला" सांगतात. कोणाचा डबा धरतात, कोणाला रिक्षात बसवतात. घरी येऊन पेशंटचं पथ्य काकूंना ऐकवतात. नारळपाणी नको, केळं नको, पाणीसुद्धा मोजून.

आणि इथून त्यांच्या गुंतवणुकीचं तर्कशास्त्र बिघडलं. किडन्या निकामी होण्यामागे मधुमेह आणि रक्तदाब ही मोठी कारणं, हे कंपनीच्या माहितीपत्रकातच होतं, 'वाढीच्या संधी' या मथळ्याखाली. ते वाचून काका बिल्डिंगभर उलटाच प्रचार करत सुटले. गणपतीत माझ्या हातातली दुसरी जिलबी काढून घेतली. "क्रिएटिनिन कधी तपासलंस?" गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर घेणाऱ्या सेक्रेटरींना तर भर मीटिंगमध्ये झापलं. आपल्याच कंपनीची गिऱ्हाइकं फोडणारा दुसरा भागधारक माझ्या पाहण्यात नाही.

वार्षिक सभा ऑनलाइन होती. काकांनी बोलण्यासाठी नाव नोंदवलं, इस्त्रीचा शर्ट घातला. येण्यांची वसुली, नवी सेंटरं, लाभांश, असे सात प्रश्न कागदावर होते. माइक चालू झाला आणि काकांनी विचारलं, "सेंटरमधला एसी इतका गार का? रक्त बाहेर फिरत असताना माणसाला आधीच थंडी वाजते. पांघरुणं विरलीत."

अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, "सर, आपण भागधारक की पेशंटचे नातेवाईक?"

"दोन लॉट आहेत माझे!" काका कडाडले. वेळ संपली. सातही प्रश्न कागदावरच राहिले.

पुढच्या सहामाही निकालात खर्च वाढला, नफा घसरला आणि शेअर लोअर सर्किटला बसला. काकांनी सेंटरला चक्कर मारून पांघरुणं चाचपून पाहिली, घरी आले आणि तिसरा लॉट घेतला.