ॲव्हरेज पडतं

जुनी फियाट जिवापाड जपणारा एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असेलच. पार्किंगच्या कोपऱ्यातलं खाकी कव्हर उचलून बघा. खाली गाडी आणि गाडीखाली ते सापडतील. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्यांना ॲव्हरेजकाका म्हणतात.

परवा त्यांनी मला लिफ्ट दिली. म्हणजे आधी वजन विचारलं. मग माझ्या पिशवीकडे बघून, "कलिंगड आजच न्यायला हवं का?" कलिंगड वॉचमनच्या हवाली करून मी बसलो आणि काच खाली घेतली. "वर घ्या. हवा अडते, ॲव्हरेज पडतं." एप्रिलातली दुपार होती. नळस्टॉपच्या सिग्नलला काकांनी इंजिन बंद केलं. सिग्नल सुटला, गाडी सुटेना. मागच्या हॉर्नांनी आमचा कुलोद्धार मांडला. मी भीत भीत म्हणालो, "चोक ओढून बघायचा का?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाडीत सिगरेट पेटवली. "चोक? तापलेल्या इंजिनाला? ॲव्हरेज पडतं!"

गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने रस्ता सोडला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळवा झाला होता. काका एवढंच म्हणाले, "त्या सीएनजीवर चालायच्या. त्यांचं काय ॲव्हरेज धरायचं!"

पेट्रोल भरणं हा यांचा सोहळा. पंपावरच्या पोराने नळी काढली, की काका उतरून गाडीला मागून गदागदा हलवतात. टाकीतली हवा निघते म्हणे. मग आणखी पाव लिटर. पुन्हा हलवायचं. टाकी फुल टू फुल केल्याशिवाय आकडा खरा येत नाही. रांगेतले लोक आधी हसतात, नंतर मदतीला येतात. लवकर सुटका होते. आकडा डायरीत जातो. तारीख, किलोमीटर, लिटर, हवामान आणि सहप्रवासी. त्या रकान्यात माझी नोंद 'शेजारी (जड)' अशी आहे.

कार्बोरेटरचा जेट आणायला काका नाना पेठेत जातात ते रिक्षाने. पेठेतल्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रखडवायची म्हणजे ॲव्हरेज पडणारच की! लिटरमागे तेराचे चौदा झाले, तर शंभर किलोमीटरला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल वाचतं, म्हणजे साठेक रुपये. रिक्षाचं भाडं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

रोज पहाटे काका एआरएआयच्या टेकडीवर चढतात. देशातल्या कितीतरी गाड्यांचे आकडे तपासणारी संस्था तिथेच. पण काकांना ते आकडे मान्य नाहीत. "रोलरवर चाकं फिरवून ॲव्हरेज काढतात. म्हणावं, एकदा कात्रजच्या घाटात या!" स्वतः काका जुना घाट इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये उतरतात. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढला की पेट्रोल आपोआप बंद करतात, असं मी सांगून पाहिलं. "म्हणजे गाडीच डोकं चालवणार, आणि तुम्ही नुसते बसणार," असं उत्तर आलं, तेही वळणावर, माझ्याकडे बघत.

आणि मग वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा एक तृतीयांशाने कमी, शिवाय जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांशी त्याचं वैर. डायरीतला आकडा घसरला. काकांनी नळ्या बदलल्या, जेट मोठा घातला, प्लग काढून उन्हात धरला. त्याचं टोक काजळलं तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं तर कमी, मारी बिस्किटासारखं तांबूस दिसलं तर मिश्रण बरोबर. प्लग तांबूस होता, आकडा मात्र वर चढेना. इथेनॉल काढणाऱ्या साखर कारखान्यांचा निषेध म्हणून काका बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांना दहा वर्षांत जमलं नाही ते सरकारने केलं."

कबूल करायला जड जातं, पण दर रविवारी हा माणूस स्वतःचा गेज घेऊन सोसायटीतल्या एकूण एक गाडीच्या टायरमधली हवा तपासतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी आभारही मानत नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलीला त्यांनी स्कूटरचा प्लग साफ करायला शिकवलं. आता ती गॅरेजवाल्यालाच चार गोष्टी सुनावते. माझी गाडीसुद्धा हल्ली लिटरमागे जरा जास्त धावते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. डायरी मागतील.

तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतली. पहिल्या आठवड्यात तो सगळ्यांना फेरफटका मारून आणत होता. दुसऱ्या आठवड्यात मे महिन्याच्या उन्हात एसी बंद करून, घामाघूम होऊन पार्किंगमध्ये उतरला. "एसी लावला की रेंज पडते," तो म्हणाला.

काका गाडीखालून बाहेर आले. हात पुसले, गेज काढला आणि त्याच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. शेजारी तोही बसला, मोबाइल उघडून आकडे दाखवू लागला. तासाभराने काकूंनी गॅलरीतून जेवायला हाक मारली. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. काकू शेजारच्या गॅलरीकडे वळून त्या तरुणाच्या बायकोला म्हणाल्या, "तू जेवून घे. वाट बघू नकोस."