बूटअण्णा

मृगाचे चार थेंब पडले की आमच्या ट्रेकवाल्या ग्रुपला भजी आठवतात, अण्णांना बूट. "अण्णा, आंबोलीला जायचंय, बूट कुठले घेऊ?" एवढंच विचारून बघा. मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या आत्यासारखी त्यांची नजर आधी तुमच्या पायांवर जाते.

"वॉटरप्रूफ घेतलेस तर माझ्याशी बोलू नकोस," हे मंगलाचरण. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. तिथे पाणी बुटात शिरतं ते वरून, घोट्याकडून. आणि आत शिरलेलं पाणी वॉटरप्रूफ बूट बाहेर सोडत नाही. "म्हणजे पायात दोन बादल्या घालून चालायचं!" घामाची वाफ बाहेर जाईल म्हणावं, तर बाहेरची हवाच ओलीगच्च. ती जाणार कुठे?

मग अण्णा व्हिएतनामला जातात. तिथल्या अमेरिकी सैनिकांचे जंगल बूट वरून कापडी आणि आतल्या बाजूला पाणी निथळायला चक्क भोकं असलेले. नव्या बुटाला मुद्दाम भोकं पाडणाऱ्या त्या अज्ञात माणसाला अण्णा मनोमन नमस्कार करतात. सोलच्या खाचांचा विषय निघाला की 1935 साल उजाडतं. आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले, म्हणून इटलीच्या विताले ब्रामानीने खाचांचा रबरी सोल काढला, हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला सुतक आल्यासारखं वाटावं.

खरेदी संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय सुजतात. अर्धा नंबर मोठा. लोकरीचे मोजे घरून. नऊ जोड उतरवून अण्णा एकही घेत नाहीत. त्यांना बघून दुकानातला पोऱ्या हल्ली गोदामात जातो.

पण माणसाचं चुकत नाही, हे कबूल करायला हवं. त्यांचं न ऐकता मी वॉटरप्रूफ नेले होते. आठवडाभराच्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, तरी ते वाळेनात. शेवटी आतून अळंबी उगवेल या भीतीने बायकोने त्यांना गॅलरीत हद्दपार केलं.

गेल्या श्रावणात अण्णा स्वतः आले. जावयाने अमेरिकेतून आणलेले भोकांचे बूट "खऱ्या जंगलासाठी" म्हणून आठ वर्षं माळ्यावर खोक्यात जपले होते. दुसऱ्या ओढ्यात डावा सोल निघाला. शंभर पावलांवर उजवा. आम्ही सांत्वनाचे शब्द जुळवत होतो, तोवर अण्णांनी सोलचा भुगा चिमटीत चोळला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हायड्रोलिसिस! अरे, पॉलियुरेथेन आहे हे! हवेतल्या ओलाव्याने नुसतं पडून पडून सडतं. मी सांगत होतो की नाही?"

सांगितलं नव्हतं. पण ती वेळ वाद घालायची नव्हती.

उरलेली वाट त्यांनी कुणाच्या तरी फ्लोटर्समध्ये काढली. जळवांनी दोन्ही पायांचं माप नीट घेतलं. मीठ-तंबाखूची पुरचुंडी होती, पण अण्णांना बोलण्यातून उसंत नव्हती. परतीच्या एसटीत त्यांनी भुग्याची प्लास्टिकची पिशवी कंडक्टरसमोर उघडली आणि विचारलं, "तुमच्या बुटांना किती वर्षं झाली हो?"