वेग स्वस्त, चालवणं महाग

पेट्रोलवाल्यांनी आता एक मुद्दा सोडून द्यावा. आमची गाडी जास्त पळते, हा.

सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या चाचणी ट्रॅकवर ‘यांगवांग यू९ एक्स्ट्रीम’ ही विजेवरची गाडी ताशी ४९६.२२ किलोमीटरने पळाली. २०१९ मध्ये बुगाटी शिरॉनने ४९०.४८ गाठले होते. आठ लिटरचं इंजिन, सोळा सिलिंडर, चार टर्बो आणि पाठीशी शतकभराची पुण्याई. तिला मागे टाकलं कोणी? मोबाइलच्या बॅटऱ्या बनवण्यापासून सुरुवात केलेल्या बीवायडीने.

त्याच वर्षी शाओमीच्या एसयू७ अल्ट्राने जर्मनीतल्याच न्युर्बर्गरिंग ट्रॅकची २०.८ किलोमीटरची फेरी ७ मिनिटं ४.९५७ सेकंदांत पूर्ण केली. पोर्शेच्या घरच्या अंगणात पोर्शेची इलेक्ट्रिक टायकान मागे राहिली. जिंकली ती फोन विकणारी कंपनी.

वाद संपला. वेग आता बॅटरीसोबत येतो.

मग पेट्रोलवरची चपळ गाडी वाचवायची तरी कशाला?

हातापायांसाठी. क्लच कुठे सोडायचा, वळणाआधी गिअर कधी उतरवायचा, इंजिनचा सूर ऐकून पाय कधी उचलायचा, हे कसब आहे. ते शिकायला वर्षं लागतात आणि चूक झाली की गाडी लगेच सांगते. माझदाच्या छोट्याशा एमएक्स-५ चं वजन टनाच्या थोडंच वर. ह्युंदाईची आयोनिक ५ एन सव्वादोन टनांच्या आसपास. दुसरी सरळ रस्त्यावर पहिलीला सहज मागे टाकेल. पण चालवायला शिकवेल कोणती?

उत्तर कंपन्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर आयोनिक ५ एनमध्ये नसलेल्या गिअरचे खोटे झटके बसवलेत. डॉजने २०२४ मध्ये इलेक्ट्रिक चार्जर डेटोना आणली, तिला खास आवाज काढणारा कृत्रिम एक्झॉस्ट दिला. आधी इंजिन काढायचं, मग त्याची नक्कल विकायची. ज्याची नक्कल करावी लागते, त्याची किंमत आपोआप मान्य झालेली असते.

तरीही पेट्रोलवरची चपळ गाडी मरतेय, हे विधान अर्धंच खरं आहे.

मरतेय ती परवडणारी.

यादी पाहा. फोर्ड फिएस्टा एसटी गेली २०२३ मध्ये. रेनॉ मेगान आरएस त्याच वर्षी. टोयोटा जीआर८६ युरोपातून गेली २०२४ मध्ये. होंडा सिव्हिक टाइप आरने युरोपाचा निरोप घेतला २०२५ मध्ये, फोर्ड फोकस एसटीनेही. कुठे उत्सर्जनाचे नियम, कुठे सुरक्षेचे, कुठे नफ्याचा हिशेब. कारणं निरनिराळी, पण सगळ्या गाड्या एकाच वर्गाच्या: शिक्षक, मेकॅनिक, तरुण इंजिनीअर कर्ज काढून घेऊ शकतील अशा.

आता दुसरी यादी. फेरारीने २०२४ मध्ये साडेसहा लिटरचं, बारा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन घालून ‘१२ चिलिंद्री’ आणली. बुगाटीने त्याच वर्षी ‘तूरबियाँ’ दाखवली. तिला हायब्रिडची जोड आहे, पण इंजिन ८.३ लिटरचं आणि सिलिंडर पुन्हा सोळा. एकूण २५० गाड्या, प्रत्येकी सुमारे ३८ लाख युरो.

धूर तोच. पाकीट वेगळं.

हे आपसूक झालं नाही. कायद्याने केलं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा पक्का केला की २०३५ पासून नव्या मोटारीतून कार्बन डायऑक्साइड शून्य. त्याच कायद्यात एक खिडकी ठेवली. वर्षाला हजाराहून कमी गाड्या नोंदवणाऱ्या कंपनीला माफी. हजार ते दहा हजारवाल्यांना २०३५ च्या अखेरीपर्यंत सवलत. ही सवलत वाढवणाऱ्या दुरुस्तीला वृत्तपत्रांनी नाव दिलं ‘फेरारी दुरुस्ती’. नाव अचूक बसलं.

मोठ्या कंपन्यांना मात्र सरासरीचा नियम. विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढायची. २०२५ पासूनचं उद्दिष्ट किलोमीटरला ९३.६ ग्रॅम. त्यावर एक ग्रॅम चढला की विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. अशा हिशेबात एक मस्तीखोर छोटी हॅचबॅक म्हणजे कंपनीच्या माथी कर्ज. फोर्डने फोकस आरएसचा पुढचा अवतार २०२० मध्येच रद्द केला आणि कारण उघड सांगितलं: उत्सर्जनाचे नियम, कर, आणि थोड्या गाड्यांसाठी न परवडणारा खर्च.

म्हणजे वर्गात सर्वांत श्रीमंत मुलाला गृहपाठ माफ आणि बाकीच्यांना छडी.

फ्रान्सचं तर आणखी पुढे. तिथे नवी गाडी नोंदवताना उत्सर्जनावर दंडकर लागतो. २०२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा ७० हजार युरो होती. पस्तीस हजारांच्या छोट्या स्पोर्ट्स कारला त्या मर्यादेची झळ लागली, तर गाडीपेक्षा कर दुप्पट. चार लाखांच्या फेरारीला तेच ७० हजार. तिचा मालक त्यासाठी रात्रीची झोप घालवेल का?

कर असा असावा की सगळ्यांना सारखा बोचावा. हा फक्त खालच्याला सोलतो.

कोणी म्हणेल, पृथ्वी तापतेय आणि तुम्हाला गिअर आठवतात. पृथ्वी तापतेय, हे खरंच आहे. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग ते हौसेने जाळा नाहीतर कामासाठी. बस, टॅक्सी, रिक्षा, डिलिव्हरीच्या व्हॅन, रोज ऑफिसला जाणारी मोटार, हे सगळं विजेवर जावं आणि लवकर जावं. त्यात दुमत नाही.

पण मग माफीचा युक्तिवाद तरी सरळ करा. फेरारी वर्षाला जगभर चौदा हजारांच्या आत गाड्या विकते. २०२४ मध्ये १३,७५२. जगात एकूण मोटारी खपतात सात कोटींच्या वर. एवढ्याशाने काय बिघडतं, म्हणून सवलत. ठीक. मग जीआर८६ काय गल्लोगल्ली उभ्या होत्या? थोड्या गाड्यांनी बिघडत नसेल, तर थोड्या स्वस्त गाड्यांनीही बिघडत नाही.

की थोडेपणासोबत महागपणाचीही अट आहे?

त्यात नियम एका जागी थांबतील तर शपथ. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच २०३५ च्या शंभर टक्के कपातीऐवजी नव्वद टक्क्यांचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेने २०२५ च्या जुलैत इंधनक्षमतेचे निकष मोडणाऱ्यांचा दंड शून्यावर आणला आणि सप्टेंबरअखेर इलेक्ट्रिक गाड्यांची ७,५०० डॉलरची करसवलत बंद केली. डॉजने आठ सिलिंडरची चॅलेंजर २०२३ मध्ये गाजावाजा करून संपवली, वीजवाली चार्जर आणली, आणि आता तीच चार्जर सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासह विकतेय. पोर्शेने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की पेट्रोल इंजिनं ठरल्यापेक्षा जास्त काळ चालतील.

कारखाना उभारायला वर्षं लागतात. धोरण फिरायला एक निवडणूक पुरते. मधल्या काळात बुडालेले पैसे कोण भरतं? पुढची गाडी घेणारा.

मग कृत्रिम पेट्रोल? चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनासजवळ ‘हारू ओनी’ प्रकल्पात डिसेंबर २०२२ पासून वाऱ्याच्या विजेवर पेट्रोल बनवतात. पोर्शे त्यात भागीदार. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, कार्बन डायऑक्साइडशी जोडायचा, त्यातून इंधन. तंत्र खरं आहे. पण प्रायोगिक क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लिटर, म्हणजे पन्नास लिटरच्या २,६०० टाक्या. शिवाय तीच वीज थेट बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी पट लांब जाते. छंदाला हे इंधन पुरेल, संसाराला नाही. त्याच्या नावाखाली रोजच्या मोटारींचं वीजकरण लांबवू पाहणाऱ्यांना तिथेच अडवायला हवं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे ही गोष्ट आधीच घडून गेली. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंतो बाहेर पडली. १४५ हॉर्सपॉवर, एक्स-शोरूम ९.९५ लाख. चाकणमधून फोक्सवॅगनची पोलो जीटी निघायची. दोन्ही आपल्या मातीत बनलेल्या, पगारदार माणसाच्या आवाक्यातल्या. दोन्ही संपल्या. २०२५ मध्ये फोक्सवॅगनने भारतात गोल्फ जीटीआय आणली. आयात केलेल्या १५० गाड्या, किंमत सुमारे ५३ लाख. लगेच खपल्या.

मागणी नाही, असं आता कोणी म्हणू नये. मधली पायरी नाही, असं म्हणा.

करही तिला उभं राहू देत नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यावर गेलात की ४० टक्के. १.४ लिटरची ती छोटी पुंतो आज असती, तर अगडबंब एसयूव्हीच्या रांगेत ४० टक्के भरत उभी राहिली असती. आणि इलेक्ट्रिक गाडी? दहा लाखांची असो वा दोन कोटींची, ५ टक्के.

महाराष्ट्राने ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कराचा प्रस्ताव २०२५ च्या मार्चमध्ये मांडला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. जुनी पोलो घेऊन जाणारा २५० रुपये भरतो. शेजारच्या लेनमधून कोटीची गाडी फुकट जाते. याला पर्यावरणाचं धोरण म्हणायचं, तर मग श्रीमंतांचं अनुदान कशाला म्हणायचं?

चाकणची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथेच आता महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ बनते. २८६ हॉर्सपॉवर, ३० लाखांच्या आत. फार मोठं काम आहे आणि त्याचा अभिमान वाटावा. पुंतोच्या जवळपास दुप्पट ताकद, नुसता पाय दाबला की हजर.

आणि परवाना? साठ हॉर्सपॉवरच्या गाडीला जो, सहाशेच्या गाडीला तोच. आरटीओच्या मैदानात एक आठचा आकडा काढला की झालं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. ती पोर्शे टायकान होती. इलेक्ट्रिक, आणि नोंदणीही न झालेली. पेट्रोलच्या गाड्यांनी याहून कितीतरी जास्त माणसं मारलीत, ते कोण नाकारेल? पण वेगाचं पाप इंधनाच्या टाकीत नसतं, हे त्या पहाटेने दाखवून दिलं. वेग स्वस्त होत जाणार असेल, तर चालवणं शिकवायची सोय वाढायला हवी. आपण नेमकी उलटी वाट धरली आहे.

म्हणून मागण्या सरळ आहेत. सवलत द्यायची तर कंपनीचं नाव आणि किंमत बघून नको. वजन बघून द्या, वर्षाला किती किलोमीटर पळते ते बघून द्या. टनभराची, रविवारी घाटात फिरणारी छोटी गाडी आणि रोज शहरात रांगणारी अडीच टनांची एसयूव्ही यांना एकाच फुटपट्टीने मोजू नका. कोटीच्या इलेक्ट्रिक गाडीची सवलत काढा आणि ते पैसे एसटीच्या इलेक्ट्रिक बसला द्या. ताकदवान गाडीसाठी वेगळी चाचणी आणि वेगळा परवाना ठेवा, इंधन कोणतंही असो. आणि एकदा तारीख ठरवली की ती पाळा.

पेट्रोलवरची चपळ गाडी अल्पसंख्य होणार, हे आता टळत नाही. टळूही नये. पण उरलेल्या त्या थोड्या गाड्या कोणाच्या दारात उभ्या राहणार, हे अजून ठरायचं आहे. ते बाजारावर सोडलं, तर उत्तर आजच ठाऊक आहे.