जरासं ऊन, थोडंसं तिखट

मे महिन्यातल्या जळगावात पारा ४४ वर गेला की रस्त्यावर फक्त कुल्फीवाला आणि नाइलाज झालेली माणसं दिसतात. अशा दुपारी पुतण्या त्याच्या मँचेस्टरच्या साहेबाला घेऊन स्टेशनात उतरला. साहेबाचं तोंड लालबुंद, सदरा पाठीला चिकटलेला. "ऊन कसं वाटतंय?" विचारलं, तर म्हणाला, "जरा ऊबदार आहे."

माझ्या लक्षात आलं, की इंग्रज माणूस संकट दोन आकडे उतरवून सांगतो आणि आम्ही खानदेशी चार आकडे चढवून.

पहिला मुक्काम अजिंठा. १८१९ च्या एप्रिलमध्ये वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव तारखेसकट कोरून ठेवलं. तेव्हा आत गाळ साचलेला होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. आपल्याकडे गडावर नावं कोरणाऱ्या पोरांना आपण शिव्या घालतो. मी साहेबाकडे पाहिलं. त्याने कान कोरले आणि म्हणाला, "हे काही फार बरं नाही केलं." म्हणजे त्याच्या हिशेबाने स्मिथला फाशीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला. गाडी फलाटावर लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एक टोपी आत गेली. साहेब एकटाच रांग लावून उभा होता. त्याच्यापुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. शेवटी पुतण्याने त्याचाच रुमाल आत फेकला, तेव्हा कुठे त्याला बूड टेकता आलं.

शेजारच्या आजोबांनी एरंडोल यायच्या आत त्याचं गाव, पगार, पोरंबाळं आणि बायकोचं माहेर विचारून घेतलं. घाबरून साहेबाने हवेचा विषय काढला. विलायतेत हवा तासातासाला पालटते, म्हणून तिच्यावर जन्मभर बोलता येतं. इथे मार्च ते जून एकच बातमी. आजोबा म्हणाले, "ऊन शे." विषय संपला, पगार परत सुरू झाला.

वाटेत मी धरणगावचं सांगितलं. जेम्स औट्रॅमने १८२५ मध्ये तिथे भिल्लांची पलटण उभारली. ज्यांचे डोंगर, त्यांनाच पगार देऊन त्या डोंगरांवर पहारा. सरकारी कागदात याला 'बंदोबस्त' म्हणत. कमी सांगायची खोड फार जुनी आहे.

पारोळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी आली. वर बोटभर लाल तर्री. पहिल्या घासाला साहेबाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "थोडंसं तिखट," तो म्हणाला आणि तांब्याभर पाणी प्याला.

धुळ्यात मात्र तो खुलला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खानदेशात आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने इथे नवी पेठ आखली. सरळ रस्ते, सरळ गल्ल्या, आणि पत्ता म्हणजे नुसता नंबर. "गल्ली नंबर चार," असं कुणी म्हणालं की साहेबाला माहेरी आल्यासारखं व्हायचं. तिथे दुकानाच्या पायऱ्या, गायी आणि तीन रिक्षा त्या सरळ रेषेत आडव्या पसरल्या होत्या, तिकडे त्याने सभ्यपणे दुर्लक्ष केलं.

रात्री ताईकडे खापरावरचे मांडे आणि आमरस. साहेब हळू आवाजात म्हणाला, "नको, पुरे." आमच्याकडे पहिल्या तीन नकारांना किंमत नसते. ते पाहुण्याने द्यायचे आणि यजमानाने ऐकायचे नाहीत. "आखो ल्या ना भाऊ!" म्हणत ताईने मांडा वाढला. परत "पुरे", परत मांडा. पाचव्याला पुतण्या त्याच्या कानात काही पुटपुटला. साहेबाने दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि ओरडला, "मेलो! पोट फुटलं! उद्या दवाखान्यात न्या!"

ताईचं समाधान झालं. "आता कसं माणसासारखं बोलला," म्हणाली आणि फक्त अर्धाच वाढला.