शांत हो, बाळा!

दक्षिण न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतच्या रानांत नि धान्याच्या कोठारांत उंदीर खाऊन जगणारा बिनविषारी कॉर्न स्नेक अमेरिकन दिवाणखान्यात आला आणि त्याच्या मनःशांतीची जबाबदारी मालकाने अंगावर घेतली. साप हातात वळवळू लागला, की मालक लाडाने 'शांत हो, बाळा' म्हणतो. बाळाला बाहेरचे कानच नाहीत. आवाजापेक्षा हाताची थरथर त्याला आधी कळते.

मग डोक्यावरून हात फिरवणं सुरू होतं. वरून झेपावतो तो ससाणा, एवढंच या जिवाला पिढ्यानपिढ्या ठाऊक. तो शेपूट थरथरवतो. रानातल्या वाळक्या पाल्यावर हीच थरथर रॅटलस्नेकच्या खुळखुळ्यासारखी वाजते नि शत्रू दचकतो. मालकाला मात्र वाटतं, आनंदला!

खरा उपाय अगदीच रुक्ष आहे. आवळायचं नाही, अंगाला दोन ठिकाणी आधार द्यायचा आणि तो पुढे सरकला की या हातावरून त्या हातावर सरकू द्यायचा. बहुतेकदा थोड्या वेळात गडी आपणच निवळतो. उंदीर गिळल्यावर किमान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तोच उंदीर परत बाहेर येतो. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही दर्शन लांबूनच. यात फोटो बरे येत नाहीत, ही अडचण आहेच.

महाराष्ट्रातल्या हौशींनी हा प्रयोग धामणीवर करू नये: तिला घरात डांबणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.