चांद्याचा पॅचकर्ता

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या वर्णनात वाघ, बांबू, कोळसा आणि तेंदूपत्ता यांना जे स्थान मिळते, ते पॅचकर्त्याला अद्याप मिळालेले नाही, आणि या उपेक्षेचा सर्वाधिक खेद खुद्द पॅचकर्त्यालाच होतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर, आणि त्यात विनामोबदला दुरुस्त्या सुचवणारा तो पॅचकर्ता, अशी त्याची व्याख्या करता येईल. तर पॅच म्हणजे कोणती ओळ काढावी आणि तिच्या जागी कोणती घालावी, याची वजा-अधिक चिन्हांनी केलेली नोंद होय. ही नोंद वाचून मूळ फाइलीत बदल आपोआप बसवणारा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसृत केला, आणि तेव्हापासून जगात कोणाच्याही लेखनात चुका काढण्याच्या सनातन मानवी प्रवृत्तीला एक शिस्तबद्ध स्वरूप प्राप्त झाले.

हा प्राणी बहुधा अभियांत्रिकीचा पदवीधर असून तुकूम किंवा दुर्गापूरच्या बाजूला आईवडिलांच्या घरी राहतो. वडील महाऔष्णिक वीज केंद्रात किंवा कोळसा खाणीत नोकरीला असतात. मे महिन्यात पारा ४६ अंशांपलीकडे जात असल्यामुळे त्याचे संशोधन रात्री, कूलरच्या साक्षीने चालते. आणि निम्म्या महाराष्ट्राला वीज पुरवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात नेमकी पॅच पाठवण्याच्या क्षणी वीज का जाते, या प्रश्नावर वडिलांनी घरात चर्चेला बंदी घातलेली असते. आईचा प्रश्न अधिक मूलभूत असतो. “पैसे नाही देत तं करतेस कायले?” असे ती विचारते, तेव्हा पॅचकर्ता तिला लिनक्सविषयी सांगू लागतो: लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा गाभा, म्हणजे कर्नल, आज बहुतेक सर्व्हरांमध्ये आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, म्हणजे तो तिच्याही फोनमध्ये आहे. यावर तो फोन वारंवार अडकतो, तेवढा आधी दुरुस्त करावा, अशी रास्त सूचना येते आणि चर्चा संपते.

पहिल्या पॅचसाठी तो लिनक्सच्या ‘स्टेजिंग’ या विभागाकडे वळतो. ड्रायव्हर, म्हणजे एखादे यंत्र संगणकाला चालवता यावे म्हणून लिहिलेला कोड, पुरेसा नीटनेटका नसेल तर तो सुधारेपर्यंत ज्या ओसरीवर बसवून ठेवतात, ती ही जागा, २००८ पासून अस्तित्वात असलेली. येथे नवख्याने काय करावे याचे संकेत ठरलेले आहेत: जादा मोकळी जागा काढावी, कंस योग्य ओळीवर आणावा, टिपणीतील स्पेलिंग सुधारावे. पॅचकर्ता स्पेलिंग निवडतो. दुरुस्ती एका अक्षराची असते. तिचे समर्थन करणारे निवेदन चार परिच्छेदांचे होते. आणि मित्रांना मात्र तो एवढेच कळवतो, की कर्नलमध्ये काही काम चालू आहे.

येथे या व्यक्तिमत्त्वाच्या केंद्रस्थानी असलेल्या विसंगतीकडे वळले पाहिजे. लिनक्सचा परवाना, जीपीएलची दुसरी आवृत्ती, पॅचकर्त्याला आपल्या प्रतीत हवा तो बदल करण्याची पूर्ण मोकळीक आधीच देतो. त्यासाठी कोणाला विचारण्याची गरज नसते. परंतु स्वतःच्या प्रतीत सुधारलेले ते अक्षर त्याला कवडीमोल वाटते. ते मूळ भांडारात जावे, हीच त्याची आस असते, आणि तेथे जाण्याचा निर्णय मेंटेनरच्या, म्हणजे त्या विभागाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीच्या हाती असतो. हक्क आणि परवानगी यांतील हे अंतर गडचिरोलीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये. पण बांबू गावाबाहेर विकायला नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचे, म्हणजे टीपीचे, पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले ते २७ एप्रिल २०११ रोजी, आणि त्यासाठी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. पॅचलाही अशीच टीपी लागते. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली कर्त्याला सही करून हा माल देण्याचा आपल्याला अधिकार आहे असे प्रमाणित करावे लागते, आणि पुढे ज्याच्या-ज्याच्या हातून तो जातो तो मेंटेनर आपली सही खाली जोडत जातो, जेणेकरून माल कोठून निघाला व कोणत्या नाक्यावरून गेला हे कोणत्याही दिवशी तपासता यावे. पॅचकर्ता मेंढ्याच्या ग्रामसभेवर, तेथे सर्वसहमतीने होणाऱ्या निर्णयांवर आणि सामाईक संपत्तीच्या तत्त्वज्ञानावर तासभर बोलू शकतो; स्वतःच्या वॉर्डाच्या सभेला तो कधी गेल्याचे मात्र ऐकिवात नाही.

पहिला पॅच परत येतो, हा नियमच आहे. शीर्षक लांब आहे, निवेदन आज्ञार्थी नाही, ईमेल पाठवताना टॅबच्या जागी स्पेस पडल्या आहेत, अशी कारणे असतात आणि त्यांतील काही तर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा स्वयंचलित प्रोग्राम मोठ्या सौजन्याने कळवतो. यंत्राने दिलेला नकारही पॅचकर्ता जपून ठेवतो. मग दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती. गडचिरोलीकडील उपप्रकाराला आणखी एक अडचण असते: पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला, की पाणी ओसरेपर्यंत उत्तर जात नाही, आणि नव्या बदलांना मुख्य शाखेत घेण्याची दोन आठवड्यांची खिडकी तेवढ्यात बंद होते. पुढची खिडकी त्यानंतर सात-आठ आठवड्यांनी उघडते. तेंदूपत्त्याचा बोनस वर्षभराने येतो हे पाहत वाढलेल्या माणसाला ही प्रतीक्षा फारशी जड जात नाही, हे त्याचे पुण्या-बंगळूरच्या स्पर्धकांपेक्षा खरे बलस्थान आहे.

टी-शर्टसाठी पॅच पाठवणाऱ्यांचा मात्र त्याला मनस्वी तिटकारा असतो. डिजिटलओशन या कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार बदल पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळे, आणि २०२० मध्ये माहितीच्या फाइलीत एखादे कौतुकाचे विशेषण घुसवणाऱ्यांची अशी झुंबड उडाली, की ज्या प्रकल्पाने स्वतः संमती दिली आहे तेथीलच बदल धरायचे, असा नियम आयोजकांना पहिल्याच आठवड्यात करावा लागला. हा अधःपात पॅचकर्ता जटपुरा गेटजवळच्या टपरीवर चहा पिताना सविस्तर सांगतो. त्या वेळी त्याच्या अंगात २०१९ चा टी-शर्ट असतो.

अखेर अक्षर स्वीकारले जाते. त्या ओळीचा कर्ता कोण, असे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामला विचारले असता आता त्याचे नाव येते, आणि तो ते अधूनमधून विचारून पाहतो. पुढे यथावकाश, ते यंत्र आता कोणीच वापरत नाही, या कारणास्तव अख्खा ड्रायव्हर काढून टाकण्याचा पॅच परदेशातील कोणीतरी पाठवतो. परवान्यानुसार जुना ड्रायव्हर आपल्या प्रतीत हवा तितका काळ जपून ठेवण्यास पॅचकर्ता मोकळा असतो. तो तसे करीत नाही. तो तो पॅच दोनदा वाचतो, निवेदनातील स्पेलिंगची एक चूक दाखवून देतो, सुधारित आवृत्ती आल्यावर तपासणारा म्हणून खाली आपले नाव जोडतो, आणि आईला सांगतो की यंदा कर्नलमध्ये दोनदा नाव आले.