मरणाला पार्श्वसंगीत नको

युद्धाचं पुस्तक ऐकायला घ्यावं आणि पहिल्याच मिनिटाला नगारे वाजायला लागावेत, की माझं डोकं फिरतं. मागे तोफांचा गडगडाट, मध्येच विमानाची घरघर आणि त्यावर निवेदकाचा मुद्दाम घोगरा केलेला गळा. सांगायचं काय असतं, तर माणसं मेली. कुठे मेली, कशी मेली, कोणाच्या हुकुमाने मेली, हे त्या गदारोळात कुठच्या कुठे वाहून जातं.

‘श्रोता खिळून राहायला हवा ना,’ असं उत्तर यावर मिळतं. श्रोता खिळतो तो तपशिलाने. याचा पुरावा १९४६ सालापासून आपल्यासमोर आहे.

त्या वर्षी ३१ ऑगस्टच्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने अख्खा अंक एकाच लेखाला दिला. जॉन हर्सीचा ‘हिरोशिमा’. बॉम्बमधून वाचलेल्या सहा माणसांची हकिगत. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या एबीसी रेडिओने तो अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार भागांत प्रसारित केला. नाट्यरूपांतर वगैरे काही नाही, नटांनी मजकूर वाचला. युद्धाचं पुस्तक कानांनी कसं ऐकवावं, याचा धडा मला तिथे दिसतो. हर्सी सकाळच्या सव्वाआठपासून सुरुवात करतो. पत्र्याच्या कारखान्यातली एक कारकून मुलगी नुकतीच जागेवर बसली आहे आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला तिने मान वळवली आहे. एक विधवा बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या माणसाकडे बघते आहे, तो स्वतःचंच घर पाडतो आहे. मग लख्ख उजेड. कारकून मुलीच्या मागचं पुस्तकांचं कपाट तिच्यावर कोसळतं आणि तिचा पाय त्याखाली चिरडतो. हे सगळं ज्या आवाजात कचेरीची वेळ सांगावी त्याच आवाजात वाचलं, तर ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. इथे व्हायोलिन लावलं तर ती मुलगी नाहीशी होते आणि उरतं ते व्हायोलिन.

निवेदकांच्या अभिनयाबद्दलही बोलायलाच हवं. इंग्रजी ऑडिओबुकांत हिटलर आपल्या सेनापतींशी बोलतो ते तुटक, जर्मन हेल काढलेल्या इंग्रजीत. जर्मन माणूस बर्लिनमध्ये जर्मन माणसाशी बोलताना अडखळेल कशाला? त्या हेलामुळे तो खलनायक वाटायला लागतो आणि नेमकी तिथेच इतिहासाची वाट लागते. त्या खोलीत बसलेल्या सुशिक्षित, सुसंस्कृत माणसांना त्याचं बोलणं अगदी सरळ, पटण्याजोगं वाटत होतं, हीच तर खरी भयंकर गोष्ट आहे. मराठीत याचं भावंड म्हणजे साधा शिपाई तोंड उघडताच लावला जाणारा ‘गावरान’ सूर. अधिकारी प्रमाण भाषेत मरतो आणि शिपाई विनोदी भाषेत. हा शिपायाचा अपमान आहे आणि तो ताबडतोब बंद झाला पाहिजे.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर विल्यम शायररचं ‘द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइश’ ऐका. ग्रोव्हर गार्डनर या निवेदकाने ते वाचलंय, सुमारे ५७ तास. गार्डनर कुठेही गळा काढत नाही. शायरर स्वतः सीबीएसचा बर्लिनमधला रेडिओ बातमीदार होता, त्यामुळे त्याची वाक्यं कानाला सरळ भिडतात. ते पुस्तक उभं आहे ते नाझींच्याच जप्त कागदपत्रांवर: हुकूम, टिपणं, बैठकींची इतिवृत्तं. एवढे तास ऐकायचे म्हटल्यावर माणसं बिचकतात, हे मला मान्य आहे. पण म्हणून लगेच ‘संक्षिप्त आवृत्ती’ काढायची? अशा कापाकापीत सगळ्यात आधी कागदपत्रंच उडतात, कारण ती ‘रटाळ’ असतात. शिल्लक राहतात लढाया आणि किस्से. ज्या सहीने हजारो माणसं गाडीत कोंबली गेली, ती सहीच गायब.

आता श्रोत्यांकडे वळतो, कारण सगळं खापर निर्मात्यांवर फोडणं बरोबर नाही. दीडपट वेगाने, पावणेदोनपट वेगाने पुस्तकं ‘संपवायची’ टूम निघाली आहे. स्वयंपाकाचं, गुंतवणुकीचं पुस्तक खुशाल पळवा. पण ट्रेब्लिंकाच्या छावणीची हकिगत पळवत ऐकणाऱ्याला मी स्पष्ट सांगेन की बाबा रे, ऐकूच नकोस. त्या वेगात साक्षीदाराचा श्वास कापला जातो. बोलता बोलता माणूस थांबला होता, हेच कळत नाही. वर्षअखेरीला किती पुस्तकं ‘झाली’ याची यादी टाकण्यासाठी हे ऐकायचं नसतं.

कानाच्या काही अडचणी मात्र खऱ्या आहेत. नकाशा ऐकता येत नाही. मागचं पान उलटून बघता येत नाही. त्यामुळे आकडा आला की निवेदकाने सावकाश व्हावं, जागेचं नाव आलं की ती नदीच्या अलीकडे की पलीकडे हे एका वाक्यात सांगणारी तळटीप वाचावी. आणि उच्चार काय तो एकदाच ठरवावा. मी ऐकलेल्या एका पुस्तकात स्टालिनग्राडचा जर्मन सेनापती आधी ‘पॉलस’ होता, पुढे ‘पाउलुस’ झाला. दोघे वेगळे असावेत असं वाटून ऐकणारा भलत्याच माणसाला शोधत बसतो.

माझं ठाम मत असं आहे की डावपेचांचा इतिहास डोळ्यांसाठी आणि साक्षींचा इतिहास कानांसाठी. कोणती डिव्हिजन कोणत्या बगलेवरून आली हे नकाशा पुढ्यात ठेवून वाचायचं काम आहे. पण स्वेतलाना अलेक्सिएविचचं सोव्हिएत बायकांच्या युद्धावरचं पुस्तक मुळातच बोलण्यातून आलंय. ती टेपरेकॉर्डर घेऊन घरोघरी गेली. नेमबाज, परिचारिका, रणगाडाचालक, धोबीकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांकडे. १९८५ साली पुस्तक निघालं, २०१५ साली तिला नोबेल मिळालं. त्यातली बाई शौर्याबद्दल कमी बोलते आणि आपल्या मापापेक्षा कितीतरी मोठ्या बुटांबद्दल, कापलेल्या वेणीबद्दल जास्त. असं बोलणं कानावर पडायला हवं. तिथे एकाच आवाजात शंभर बायका वाचल्या जातात तेव्हा मात्र प्रत्येकीच्या नावानंतर दोन श्वास थांबायला हवं. नाहीतर एकीचा मेलेला भाऊ दुसरीच्या नावावर जमा होतो.

आपल्या शिपायांचं काय? पहिल्या महायुद्धात तुर्कांनी मेसोपोटेमियातल्या कुतला घातलेला वेढा घ्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. उपासमार एवढी, की घोडे मारून खायची वेळ आली आणि धर्म बुडेल म्हणून पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस नाकारलं. शेवटी सुमारे १३,००० जण शरण गेले. ब्रिटिश सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळ पाहुण्यासारखा राहिला, शिपाई वाळवंटातून चालवले गेले आणि त्यातले कित्येक वाटेत मेले. टाउनशेंडने पुढे या मोहिमेवर आपलं पुस्तकही लिहिलं. त्या चालत गेलेल्यांपैकी कोणाचं पुस्तक माझ्या कानात वाजणार आहे?

शिपायांचा शब्द नव्हताच असं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे, दुसरा कोणी लिहायचा, आणि गावात ते पत्र कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणजे ती पत्रं मुळात बोललेली आणि ऐकलेलीच. सेन्सॉर कचेरीत त्यातले उतारे इंग्रजीत उतरवले गेले आणि आज हाती आहेत ते मुख्यतः हेच उतारे. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांचा संग्रह काढला. आज ही पत्रं आपण ऐकायची म्हटली तर सेन्सॉरच्या इंग्रजीत ऐकावी लागतात.

एक आवाज मात्र जसाच्या तसा उरलाय. बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फच्या युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाचा शीख शिपाई कर्ण्यापुढे उभा राहिला. तो जेमतेम दीड मिनिट बोलतो आणि ‘मी’ म्हणतच नाही. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, आता तो परक्यांच्या लढाईत सापडलाय आणि त्याला घरी जायचंय, अशा धाटणीने सांगतो. ना रडणं, ना ओरडणं. जर्मनांना हवे होते पंजाबी भाषेचे उच्चार, त्याच्या दुःखाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. तरीही शंभर वर्षांनंतर ते दीड मिनिट ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकवत नाही. त्यातली खरखर काढून टाकून मागे सारंगी लावावी असं कोणाच्या डोक्यात येत असेल तर कृपा करून येऊ देऊ नका.

मराठीत या विषयावर मालमसाला कमी नाही. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ पिढ्यांनी वाचलंय. वि. स. वाळिंबे आहेत. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं बासष्टच्या पराभवावरचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ आहे. एका सैनिकाने सैन्याच्या आणि दिल्लीच्या चुकांची मराठीत मांडलेली ही झाडाझडती पूर्ण वाचून, शब्द न गाळता, घराघरांत ऐकली जायला हवी. आपल्याला लढायांचे पोवाडे ऐकायची सवय आहे आणि त्यात गैर काही नाही. पण पराभव नीट ऐकायची सवय आपण लावून घेतलेली नाही.

आणि जे लिहिलंच गेलं नाही त्याचं काम तर आजच हाती घ्यावं लागेल. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं. तिथे आणि अशा गावोगावी १९७१ची लढाई लढलेली माणसं आज सत्तरी ओलांडून बसली आहेत. १९६२ आणि १९६५ची तर बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. ऑडिओबुकवाल्यांनी त्यांच्या ओसरीवर जावं. बोलीत बोलू द्यावं, विसरले तर विसरू द्यावं, एकच गोष्ट दोनदा सांगितली तर दोन्ही वेळा ठेवावी. पत्नीने आतून ‘अहो, तसं नव्हतं ते’ म्हटलं तर तेही ठेवावं, कारण तिचंही ते युद्ध होतंच. आणि करारावर त्या म्हाताऱ्याचं नाव लेखक म्हणून घालावं. नामवंत नटाला वाचनाचे जेवढे पैसे देता, त्याहून एक रुपया कमी त्याला देऊ नये.